तानीची आई

परीक्षेच्या दिवसांत माझा उजवा अंगठा दुखतो. पेपर लिहून दुखत असेल, असं खोलीतल्या मैत्रिणी म्हणतात, आणि ते खरंही असेल. पण मे महिना लागला, कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानांपुढे भुईमुगाच्या बियाणाच्या शेंगांची पोती तोंड उघडून बसली, की पेपर असो वा नसो, अंगठ्याच्या पेरात काहीतरी जागं होतं. परवा लायब्ररीतून येताना मी अशाच एका पोत्यापाशी थांबले. दुकानदार म्हणाला, "किती देऊ ताई?" मला काहीच घ्यायचं नव्हतं. मी एक शेंग उचलली, टोकावर दाबली. ती फुटल्याचा बारका, कोरडा आवाज आला. मी दुकानदाराला काहीतरी पुटपुटले आणि निघाले. दाणे मुठीतच राहिले. ते मी खाल्ले नाहीत. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

आमचं गाव कागलच्या बाजूला. तिथं पेरणीआधी बियाणाच्या शेंगा हातानं फोडतात. मशीनमध्ये घातल्या तर दाण्याची लाल साल निघते, दाणा दुभंगतो, आणि असा दाणा जमिनीत घातला तरी उगवत नाही. म्हणून बायका पैऱ्यानं बसतात. पैरा म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या घरी बसायचं, उद्या सगळ्यांनी तुझ्या घरी. दुपारची जेवणं झाली की सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात, पोतं पालथं करायचं, भोवती गोल बसायचं, मध्ये सुपं ठेवायची. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला. पहिल्या दिवशी अंगठा लाल होतो, दुसऱ्या दिवशी सोलवटतो, आणि मग तो आपला राहत नाही, कामाचा होतो.

बारावीची परीक्षा दिली त्या वर्षीचा मे. निकाल लागायचा होता. मी आणि सारिका, आम्ही दोघी शेजारणी, पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. माझं कोल्हापूरला जायचं जवळजवळ ठरलं होतं. माझा मामा तिथं रद्दीच्या दुकानात कामाला आहे, तो म्हणाला होता, "मी हाय की तितं, पाठवा पोरीला." सारिकाला असा मामा नव्हता. तिला नर्सिंगला जायचं होतं, तेही पुण्याला, आणि हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. तिच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या डोक्यात तिचं लग्न होतं. त्यात त्यांचं काही वाईट मनात नव्हतं. त्यांच्या बहिणींचं तसंच झालं होतं, म्हणून हिचंही तसंच व्हायचं.

त्या मे महिन्यात मामानं मला रद्दीतून काढून एक जाडजूड पुस्तक दिलं. कव्हर नव्हतं, सुरुवातीची काही पानंही गेली होती, त्यामुळं त्याचं नाव मला आजही माहीत नाही. कुठल्यातरी परदेशी कादंबरीचं मराठी भाषांतर होतं. पुढच्या काळातलं एक शहर. त्याला भिंत. मुलगी वयात आली की तिच्या मनगटात एक पट्टा बसवतात, त्यात बारीकसा दिवा. मुलगी सांगितल्याप्रमाणं वागली की दिवा हिरवा. आवाज चढला, ठरल्या रस्त्याबाहेर पाऊल गेलं, की लाल. मग माणसं येतात आणि तिला घेऊन जातात. त्यातल्या काही मुली हळूहळू असा श्वास घ्यायला शिकतात, की मनात कितीही राग असला तरी दिवा हिरवाच राहतो. आणि मग त्या भिंतीपलीकडं जायचं ठरवतात.

मी ते सोप्यातल्या कोपऱ्यात बसून वाचत होते, तर शेवंताआज्जी म्हणाली, "मनातल्या मनात काय गिळालीस? आमाला बी वाच की."

शेवंताआज्जी म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी. तिचं कुणी मोडत नाही. मला मोठ्यानं वाचायची लाज वाटायची, आवाज मध्येच अडकायचा. म्हणून सारिकानं पुस्तक हातात घेतलं. तिचा आवाज खणखणीत होता, शाळेत प्रार्थना तीच सांगायची. पण वाचायला लागली की तिचे हात थांबायचे. त्यावर दोघीतिघी कुरकुरल्या. तेव्हा आज्जीनंच निकाल दिला, "वाचणारीचा पैरा धरायचा. तिच्या वाटणीच्या शेंगा आमी फोडू." आमच्या गावात वाचणं हे काम आहे असं कुणी पहिल्यांदा म्हटलं, ते त्या दिवशी.

कादंबरीतल्या मुलीचं नाव होतं टॅनिस. बायकांनी ते पहिल्याच दुपारी बदलून तानी केलं. मग ती गल्लीतलीच झाली. "तानीनं आज काय केलं गं?" म्हणतच एकेक जण सूप घेऊन यायची. गोष्ट पैऱ्याबरोबर घरोघर फिरली. आमच्या सोप्यात तानीला पट्टा बसला, पद्माकाकूंच्या पडवीत ती पहिल्यांदा खोटं बोलली. पद्माकाकू जैनांच्या, माहेर कुरुंदवाडचं. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायला लागायचं, म्हणून उन्हं भिंतीवर चढली की त्या उठायच्या आणि म्हणायच्या, "आता तानीला तितंच बसीव. माझ्याबिगर हालू द्यायची न्हाई." आणि खरंच, काकू उठल्या की पुस्तक मिटायचं. तानी बिचारी रात्रभर कधी जिन्यात, कधी पाण्याच्या टाकीमागं बसून राहायची.

हिरव्या आणि लाल दिव्यावरून तर हसून हसून पुरेवाट.

"मला आसला पट्टा बसीवला आसता," माझी आई म्हणाली, "तर लाल लागून लागून फ्यूज गेला आसता कवाच."

"तुझा कशाला जाईल? तुझ्या सासूचा गेला आसता, तुला बघून बघून," शेवंताआज्जी म्हणाली.

मला वाटलं होतं, बायका म्हणतील की हे आमचंच आहे, आम्हालाही असेच पट्टे आहेत. कॉलेजात आल्यावर अशी वाक्यं मी ऐकली, लिहिलीही. पण त्यांनी तसं काही म्हटलं नाही. त्यांना तानीच्या धाडसाचंही फार कौतुक नव्हतं. पळायचं म्हणजे काय काय लागतं, याचीच त्या चर्चा करायच्या. पायात काय घातलंय? भाकरी बांधून घेतली का? भिंतीवर चढायचं तर केस बांधले का? लेखकानं यातलं काहीच लिहिलं नव्हतं, आणि बायकांना तो जरा अर्धवटच वाटायला लागला होता.

सारिकाची आई, मालनकाकी, या सगळ्यात गप्प असायची. ती पटापट फोडायची, अंगठा आणि पहिलं बोट, जणू तिची तिलाच शर्यत. आप्पांसमोरही ती अशीच. तिला कधी कुणी काही विचारत नसे, आणि विचारलंच तर ती म्हणायची, "बघा की तुमी." एक दिवस तिनं मान वर न करता विचारलं, "तिची आई कुटं गेली?"

"कुणाची?" सारिका म्हणाली.

"तानीची. पयल्या दिवशी केस विंचरत हुती की तिचं. पट्टा बसवायच्या आदी. फुडं कुटं गेली?"

सारिकानं मागची पानं चाळली, पुढची चाळली. मीही तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. तानीचे केस विंचरणारी आई त्या एकाच पानावर होती. पुढं ती कुठंच नव्हती. मेली असंही लिहिलं नव्हतं.

"लेखक इसरला आसंल," पद्माकाकू म्हणाल्या.

"आई कशी इसरंल?" मालनकाकी म्हणाली, आणि परत फोडायला लागली.

दुसऱ्या दिवशी पैरा सारिकाच्याच घरी होता. मी नेहमीसारखी तिच्या शेजारी बसले होते, पान मला दिसत होतं. त्या पानावर तानी एका भुयारातून सरपटत चालली होती. सारिका वाचायला लागली, "तानी घरी आली. आई दारात उभी होती." मी चमकून तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे पानावरच होते, आणि ती ओळीवरून ओळीवर अशी जात होती, की जणू तसंच छापलंय. "तानी म्हणाली, आई, मला भिंतीपलीकडे जाऊ दे. तीन वर्षांनी मी परत येईन."

शेंगा फुटायचा आवाज जरासा विरळ झाला.

"पलीकडं ऱ्हायाची सोय हाय का?" मालनकाकीनं विचारलं. सुपातल्या दाण्यांकडं बघतच.

सारिकानं पान उलटलं. "भिंतीपलीकडे मुलींचं एक वसतिगृह होतं," ती वाचू लागली. "तिथे दोन वेळचं जेवण मिळायचं. शिकत असताना विद्यावेतनही मिळायचं."

"बरीच सोय हाय की भिंतीपल्याड," पद्माकाकू म्हणाल्या.

"मेस कशी हाय ते बघ त्यात," शेवंताआज्जी म्हणाली. "न्हाईतर पोरगी जायाची आन् अर्धी हून यायाची."

कुणी हसलं नाही. हसू आलं असतं तरी बायका हसल्या नसत्या. तोवर सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळ्यांनी न कळल्यासारखं केलं होतं. मी एवढी शिकते आहे, पण असं सगळ्यांनी मिळून एखादी गोष्ट झाकून धरणं मला कुठल्या पुस्तकात भेटलेलं नाही. आप्पा बाहेर जनावरांना पाणी दाखवत होते. भिंत म्हणावी तर तेवढी एक होती, मातीची, आणि तिच्यातून बादलीचा आवाज येत होता.

"तिचा बाप काय म्हणतोय?" मालनकाकीनं विचारलं.

"बाप नाही पुस्तकात," सारिका म्हणाली.

"बाप न्हाई आसं कुटलं पुस्तक आसतंय?"

 सारिकानं पानावर बोट दाबून धरलं. मला तिच्या हाताची शीर दिसत होती. आपण काहीतरी बोलावं, निदान माझ्या वाटणीचं तरी, असं मला फार वाटलं. पण मला तेव्हाही वेळेवर बोलता यायचं नाही, आताही येत नाही.

तो दिवस तसाच गेला. पुढचे दोन-तीन दिवसही. सारिका छापलेलंच वाचायची, भुयार, पहारे, दिवे, आणि बायका नुसतं ऐकायच्या. मग एका दुपारी, तानी आणि बाकीच्या मुली भिंतीपाशी पोचल्या असताना, मालनकाकी म्हणाली, "आईचं र्‍हायलं वाचायचं."

"काय राहिलं?"

"हाय बघ त्यात. आईनं मागनं दार लावून घेतलं, आतनं. आन् म्हणाली, तू जा. मागं बघू नको. हितलं मी बघतो." आमच्याकडं बायकाही स्वतःबद्दल अशाच बोलतात, बघतो, जातो, करतो. "वाच की."

सारिकानं मान खाली घातली. तिच्या मांडीवर पान उघडं होतं, आणि ती वाचू लागली, अगदी शाळेच्या मराठीत, एकेक शब्द सुटा करून, "आईने दार आतून लावून घेतले. ती म्हणाली, तू जा. मागे वळून पाहू नकोस. इथले मी पाहीन."

पद्माकाकूंनी डोळ्याला पदर लावला आणि टरफलाचा कण गेला म्हणून सांगितलं.

मालनकाकी आप्पांशी कशी बोलली, ते मला सारिकाकडून नंतर कळलं. तिनं वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली, की नर्स झालेल्या पोरीला नोकरीवालं स्थळ येतं, घाई केली तर शेतावरचं येईल. आप्पांना ते पटलं. पावसाळ्यात सारिकाचा पुण्याला नंबर लागला. ज्या दिवशी ती गेली, त्या दिवशी मी कोल्हापूरच्या स्टँडवर तिला सोडायला गेले होते. गाडी लागेपर्यंत आम्ही वडापाव खाल्ला. ती म्हणाली, "रूपे, तू रंकाळ्यावर एकटी जाऊ नको हां, मी आलो की जाऊ." मी हो म्हणाले. खरं तर माझ्या मनात वेगळंच चित्र होतं. आम्ही दोघी कोल्हापुरात एका खोलीत राहणार, एकाच बादलीत कपडे भिजवणार, रविवारी रंकाळ्याच्या कठड्यावर पाय सोडून बसणार. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिच्यासमोर पुणं होतं, त्यात मी आपलं कोल्हापूर कुठं घालू.

गेल्या सत्रात आमच्या वर्गात अशा कादंबऱ्यांवर तास झाला. भविष्यातलं वाईट जग, मुलींवरचा पहारा, त्यांचा विद्रोह. सर फार छान शिकवतात. त्यांनी विचारलं, "नायिकेकडे कोणतं बळ असतं?" मुलामुलींनी उत्तरं दिली. स्वातंत्र्याची ओढ, बंडखोरी, प्रश्न विचारायची हिंमत. मला विचारायचं होतं, सर, या गोष्टींतल्या आया कुठं जातात? माझा हात बाकाखालीच राहिला. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिलीच. वर्गात काही बोलायचं म्हटलं की वाटतं, हे विचारायचं असतं की नसतं, ते बाकीच्यांना आधीपासून माहीत असणार. तास संपला. मी पायऱ्यांवर बसून सारिकाला फोन लावला. तिची ड्युटी चालू होती, फोन वाजत राहिला.

कधी कधी मला त्या दुपारांची इतकी ओढ लागते, की अभ्यासाचं पान पुढं सरकत नाही. सुपात दाणे पडतानाचा आवाज. टरफलांची धूळ, तिनं खवखवणारा घसा, आणि मध्येच फिरणारा गुळाच्या चहाचा तांब्या. अंगावर पडलेला तो सगळ्यांचा मिळून सावलीसारखा वेळ. आणि सारिकाचा आवाज, जो पानावर नसलेलंही खरं करायचा. आता ती फोनवर वॉर्डातल्या पेशंटबद्दल बोलते, इंजेक्शनांची नावं घेते, भराभर. मी ऐकते. तिचा आवाज अजून खणखणीतच आहे, पण आता तो कामाला लागला आहे.

दोन पेपरांच्या मध्ये सुट्टी होती, म्हणून या रविवारी मी गावी गेले. हल्ली बहुतेकांनी तयार बियाणं आणलंय, पैरा जवळजवळ मोडला. पद्माकाकू मुलाकडं इचलकरंजीला राहायला गेल्या. मालनकाकी मात्र सोप्यात पोतं पालथं करून बसली होती. शेवंताआज्जीला आता दिसत नाही, तरी ती भिंतीला टेकून बोटांनी चाचपत फोडत होती. मी जाऊन बसले.

"पेपर कसं गेलं?" काकीनं विचारलं.

"बरे गेले."

"सारीचा फोन आलता का तुला?"

"येतोय की. पुढच्या आठवड्यात म्हाईला येते म्हणालीय."

म्हाई म्हणजे आमच्या गावच्या देवीची जत्रा. सारिका गेल्या वर्षी येऊ शकली नव्हती. काकीचे हात थांबले नाहीत. फोडता फोडताच ती हळू आवाजात म्हणाली, "तिला सांग, येऊ नको."

मला कळेना. 

"ह्यांनी पावणं बोलवून ठेवल्यात. पोरगं बँकेत हाय. बघायचा कार्यक्रम म्हाईतच उरकायचा म्हणत्यात, आन् पसंत पडली तर लगीच तारीख. वरीस राह्यलंय तिचं. मी बोललो, शिकूदे म्हटलं. ते म्हणत्यात, पोरगी घरात आल्यावर बघू. घरात आल्यावर काय बघायचंय? आली की सपलं."

"मग तुम्हीच सांगा ना तिला. माझ्या फोनवरून लावतो."

"न्हाई," काकी म्हणाली. "मी न्हाई बोलणार. म्हैना झाला, मी फोनच घेत न्हाई तिचा. तिचा आवाज आला की माझ्या तोंडातनं 'ये'च निघतंय, दुसरं काय निघतच न्हाई. आन् मी ये म्हटलं की ती येणार. तू सांग."

म्हणून मी फोन लावला. सारिकानं पहिल्याच रिंगला उचलला. मी फोनचा स्पीकर चालू केला. काय सांगायचं ते मी अडखळत का होईना, सांगितलं. पाहुणे, बँकेतला मुलगा, म्हाई, एक वर्ष. पलीकडं कुठल्यातरी पंख्याचा आवाज येत होता.

"हे आईनं सांगितलंय?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग ती का उचलत नाही माझा फोन? हाय का जवळ? दे तिला."

काकीनं माझ्याकडं बघून मान हलवली.

"रानात गेलीया," मी म्हणाले.

"एवढ्या उन्हात?"

शेवंताआज्जी भिंतीपाशी पुटपुटली, "पोरीच्या तोंडानं खोटं बोलाय लावतीस, मालन." ते फोनमध्ये गेलं की नाही, मला ठाऊक नाही. काकी फोडतच होती. अंगठा आणि पहिलं बोट, तशीच भराभर, फक्त डोळे सुपावर नव्हते.

"रूपे," सारिका म्हणाली, "तिकडं आवाज कसला येतोय?"

काकीचा हात थांबला. सोपा एकदम शांत झाला. बाहेर कुणाचं तरी कोंबडं ओरडलं. मग काकीनं खालची शेंग उचलली आणि फोडली, अगदी सावकाश.

"शेंगा फोडतोय," मी म्हणाले. "मीच फोडतोय."

"एकटीच?"

"व्हय."

 मला वाटलं फोन कट झाला, म्हणून मी बघितलं, तर चालू होता. मग तिचा आवाज आला, पूर्वी वाचताना ओळ संपली की जसा खाली यायचा, तसा. "बरं. म्हाईला नाही येत मी. पण फोन ठेवू नको एवढ्यात. मला ड्युटीला जायला अजून वेळ हाय. तू फोड."

मी फोन जमिनीवर ठेवला, आम्हा दोघींच्या मध्ये. मालनकाकीनं आपलं सूप त्याच्याजवळ ओढून घेतलं.